कौसाबाईचे हात

कौसाबाई बाळाला हात लावायच्या आधी तळवा स्वतःच्या गालाला लावून बघायची. गार लागला तर चोळायची, परत गालाला लावायची. बाळ कितीही किंचाळू दे, हे झाल्याशिवाय ती त्याला उचलायची नाही. "लेकरू आधी कातडीनं बघतंय अक्का, डोळ्यानं मागून," म्हणायची.

भाईंदर पश्चिमेला आमच्या आसपासच्या सोसायट्यांत बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं काम तिचं. मूळची परभणीकडची. नवरा लवकर गेला, स्वतःला मूल नाही. माझी वैशाली तिच्याच पायांवर न्हाली. अंगावर मुतणाऱ्या पोराला ती दम द्यायची, "मूत. आमदार झालास तरी चारचौघांत सांगंन."

दोन वर्षांपूर्वी तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. वर पांढरा कोंडा. मग ते हातांवर उतरले. एका घरी कोंडा बाळाच्या दुपट्यावर पडला, आणि बाळाच्या आजीने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. वैशाली तेव्हा सातव्या महिन्यात होती, बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. कौसाबाई म्हणाली, बाकीची घरं गेली तर जाऊ देत, वैशालीचं लेकरू मात्र तीच न्हाऊ घालणार. मी म्हटलं, आधी दवाखान्यात दाखव.

सरकारी दवाखान्यात कातडीचा डॉक्टर नव्हता. सिस्टर मोबाइलवर फोटो काढून मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरला पाठवायची, उत्तर तिकडून यायचं. कौसाबाईला हसू आलं. "दागदर तिकडं, कातडी इकडं. हात न लावता कसं कळंल त्याला?"

मी तिला बजावलं की फोटो काढणार आहेत, जरा स्वच्छ होऊन जा. तिने ऐकलं. पाय घासायच्या वजरीने चट्टे घासून सगळा कोंडा काढला, वर खोबरेल चोपडलं. फोटोत नुसते लाल, चकचकीत डाग आले. डॉक्टरने जे दिसलं त्यावरून लिहिलं. ती निरक्षर, मी चौथी शिकलेली, म्हणून कागद मीच वाचला. गजकर्णासारखं वाटतं, दुसऱ्याला लागू शकतं, तूर्त लहान मुलांना हात लावू नये, औषधाने उतरलं नाही तर पुन्हा फोटो पाठवा. हे मी आणखी चार घरी जाऊन सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. तिची उरलेली घरं सुटली ती माझ्या तोंडामुळे.

दीड महिना तिने एकही गोळी चुकवली नाही. चट्टे वाढतच गेले. पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा ती तशीच आली. तेल नाही, घासणं नाही. नीटनेटकं होण्यात तिचा जीवच उरला नव्हता. सिस्टरने कोंडा बघितला आणि विचारलं, मागच्या वेळी हा कुठे होता?

"फोटो काढायचा म्हणून घासून आले होते."

सिस्टर रागावली नाही. "मावशी, इथे जशा आहात तशा यायचं," एवढंच म्हणाली. या वेळी तिने नखांचेसुद्धा फोटो घेतले. नखांवर बारीक खड्डे होते. मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई स्वतःच मोबाइलच्या पडद्यावर आल्या. सांधे दुखतात का, घरात कुणाला होतं का, सगळं विचारलं. सोरायसिस आहे म्हणाल्या. पुन्हा पुन्हा येतो, औषधाने आटोक्यात राहतो, पण हात लावल्याने कुणाला होत नाही.

"लेकराला हात लावू?" कौसाबाईने विचारलं.

"लावा की."

तिने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

नवा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती घरोघर फिरली. बायका वाचायच्या, बरं म्हणायच्या, पिशवी परत द्यायच्या. शेवटी माझ्याकडे आली. वैशालीचा मुलगा तेव्हा बारा दिवसांचा होता. वैशाली आतून म्हणाली, "आई, नको ना. रिस्क कशाला?" मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, बाळ झोपलंय.

तेवढ्यात बाळ आत रडायला लागलं.

कौसाबाईने कान देऊन ऐकलं. "भुकेचं नाही ते रडणं, अक्का. अंग आंबलंय त्याचं. तेल कोमट करून लाव," म्हणाली, आणि कठडा धरून जिना उतरली. मी हाक मारली नाही.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी ती गेली. हृदय बंद पडलं. खोलीबाहेर बायका होत्या, त्यांतल्या तिघींची बाळंतपणं तिनेच केलेली. अंघोळ घालायला कुणी पुढे होईना. मी आत गेले. तिच्या भावजयीने माझ्या हातात वजरी दिली, म्हणाली, जरा साफ दिसू दे. मी ती मोरीत ठेवून दिली.

पाणी कोमट केलं. तिला हात लावायच्या आधी तळवा गालाला लावून बघितला. गार होता. मेलेल्या माणसाला काही कळत नाही, हे मला माहीत आहे. तरी हात चोळले, पुन्हा बघितलं, आणि मग लावला.