कुंकवाची अॅलर्जी

लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि वर्षाच्या आतच माझ्या कपाळावर, नेमकी कुंकवाच्या जागी, खाज सुटू लागली. आधी लाली, मग पुरळ, मग त्यातून पाणी. सासूबाई म्हणाल्या, अंगातली उष्णता. शेजारणीने दृष्ट काढली. मी आपली पुरळ झाकायला कुंकू आणखी मोठं लावत गेले. इतकी मी हुशार.

पित्त मला नवं नव्हतं. वांगं खाल्लं की तासाभरात अंगभर गांधी उठायच्या, आमसुलाचं पाणी चोळलं की संध्याकाळपर्यंत सगळं साफ. हे मात्र उतरायचं नाव घेईना. शेवटी यांनी मला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडावर चिमूटभर कुंकू ठेवून वर पट्टी बांधली. दोन दिवसांनी सोडली तर खाली तस्संच पुरळ. ‘अॅलर्जी’ हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. वांग्याची लगेच उठते, म्हणून कारण कळतं. कातडीला लागलेल्या वस्तूची एक-दोन दिवसांनी उठते, रेंगाळते, आणि आपण भलत्यालाच दोष देत बसतो, असं ते म्हणाले. मलम दिलं आणि कुंकू कायमचं बंद करायला सांगितलं.

कपाळ सुकू लागलं. पण नवरा धडधाकट असताना पांढऱ्या कपाळाने नळावर जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायका माझ्याकडे बघून बोलणं आवरतं घ्यायच्या. कुणाकुणाला दंड दाखवणार?

त्यातच हे मला कल्याणला बांगड्या भरायला घेऊन गेले. जुन्या वाढवल्या होत्या, मंगळसूत्र पदराखाली होतं. कासाराने माझ्या कपाळाकडे पाहिलं, हिरवा चुडा बाजूला सारला आणि यांना हलक्या आवाजात विचारलं, “दादा, बहिणीला धातूच्या दाखवू का?”

“बायको आहे ती माझी,” हे म्हणाले.

कासाराने कान पकडले, पुन्हा पुन्हा माफी मागितली, तेवढ्याने सगळं दुकान बघायला लागलं. यांची मान खाली गेलेली मी पाहिली. माझ्यापायी या माणसाला जिवंतपणी हे ऐकावं लागलं, याची मला इतकी लाज वाटली की हात पुढे करवेना.

घरी आल्यावर आरशासमोर बसले आणि कुंकू लावलं. ओल्या खपलीवर आग आग झाली. हे मलमाची डबी घेऊन मागे उभे होते. ‘नको लावूस’ असं काही ते म्हणाले नाहीत.