वसूचा हिरवा शोधत बोईसरच्या पुढे

आधीच सांगून ठेवते. रस्ता, गाड्या, जेवणखाण, सगळं तारापूरपर्यंत नीट सांगेन. त्यापुढचा पत्ता सांगणार नाही. का ते शेवटी कळेल, आणि राग आला तर येऊ दे.

वसू माझी चित्रकला महाविद्यालयातली मैत्रीण. चार वर्षं एका बाकावर बसलो. मग तिचं लग्न झालं आणि ती तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत गेली. पुढे नवऱ्याची बदली राजस्थानात झाली, आणि तिथे, वाळवंटात बसून, या बाईने समुद्राची चित्रं काढली. त्या चित्रांतल्या पाण्याच्या रंगाला ‘वसूचा हिरवा’ म्हणतात. मी नाशिकला चित्रकलेचे वर्ग घेते. तो हिरवा मिळवायला मी नळीतल्या व्हिरिडियन हिरव्यात पिवळी माती घातली, निळा घातला, काळ्याचा थेंबसुद्धा घातला. वर्षानुवर्षं. जमला नाही. माझा जळफळाट व्हायचा आणि मी तिला फोनवर म्हणायचे, “छान झालंय गं.”

गेल्या वर्षी वसू गेली. तिच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरलं आणि आयोजकांनी मला लेख मागितला, ‘सर्वांत जवळच्या मैत्रिणीच्या आठवणी’. मी लगेच हो म्हटलं. तिची पत्रं मिळावीत म्हणून तिच्या नवऱ्याला फोन केला, तर ते म्हणाले, “पत्रं ती हिराबायला लिहायची. कॉलनीत मासे घेऊन यायची ना, ती.”

मला वसूकडून दर दिवाळीला छापील शुभेच्छापत्र यायचं. खाली दोन शब्द, ‘खुशाल आहोत’. आणि मासळीवालीला पत्रं! फोन ठेवल्यावर मी बॅगच भरायला घेतली.

नाशिकहून जव्हारमार्गे पालघरला एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. खिडकी डावीकडची घ्या. त्र्यंबक सोडलं की घाट, उतारावरची नागलीची छोटी शेतं, कापणी उरकलेली. जव्हारला गाडी थांबते तेव्हा चहा घ्या, भजी मात्र गरम असली तरच. माझ्या शेजारी एक जोडपं संसाराची गाठोडी घेऊन बसलं होतं, वीटभट्टीवर निघालेलं. बाईने मला विचारलं, “तुमी कुठं चालल्या कामाला?” मी म्हटलं, “मैत्रिणीकडे.” तेवढंही खरं नव्हतं, कारण मैत्रीण आता नव्हती, आणि होती तेव्हा ती माझी किती होती हेच पाहायला मी निघाले होते.

पालघरला मुक्काम केला. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून गाव वाढलंय, सरकारी कामासाठी येणाऱ्यांमुळे स्टेशनजवळ साध्या खोल्या मिळतात. आधी पंखा चालतो का ते पाहून घ्या. जेवायला सुरमईची थाळी घेतली. मासा ताजा होता, सोलकढी पाणचट. झोप काही धड लागली नाही.

सकाळी गाडीने बोईसर. स्टेशनबाहेर सगळा कारखान्यांचा कारभार, डबे घेतलेले कामगार, आणि कानावर हिंदीच. शेअर रिक्षावाला म्हणाला, “आंटी, तारापूर? बैठो, दो सवारी और आने दो.” दोन म्हणता म्हणता चार आले. कारखान्यांची वसाहत मागे पडली की हवा बदलते, मग ताड, वाड्या, आणि सुकत्या मासळीचा वास. तारापूरला उतरून मी चौकशी केली आणि पुढे गेले. कुठे, ते विचारू नका.

किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील टांगलेले, तोंडात तोंड अडकवून. मी आधी पाणी पाहिलं. मातकट, राखाडी. हिरव्याचा पत्ता नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हणजे वसूने मनाचंच काढलं होतं तर.

हिराबाय दारातच बसली होती, पंच्याहत्तरीच्या पुढची, लुगडं कोळी पद्धतीने घट्ट कसलेलं. “ये बाय. वसूची मैत्रीन ना? भावजींचा फोन आलेला.”

वसूचा नवरा हिचे भावजी. मी चपला काढल्या.

पत्रं सुक्या जवळ्याच्या रिकाम्या डब्यात होती. “त्या वासान कसर नाय लागत,” हिराबाय म्हणाली. मी मोबाइल काढला तशी तिने डबा मांडीत ओढला. “फोटू नको काडू. माझी पत्रा हायत ती. ऐक पायजे तेवडी.”

तिला वाचता येत नाही. पत्र आलं की सून प्रतिभा वाचणार, शेजारच्या दोघी येऊन बसणार, अशी रीत पडलेली. आजही त्या आल्या. प्रत्येकीला बहुतेक पत्रं पाठ होती, प्रतिभा थांबली की पुढचं वाक्य दुसरीच म्हणायची. मी चित्रकलेत आयुष्य काढलं आणि वसूचं एकही वाक्य मला पाठ नव्हतं.

प्रतिभाने वाचलं, “हिराबाय, इथे पाणी म्हणजे नळाचं. काल समुद्र काढायला बसले तर तो डोळ्यांना आठवतो, हाताला आठवत नाही. चित्र तीनदा खरवडलं. ह्यांनी विचारलं, जेवायला काय? म्हटलं, खरवडलेला रंग. तू मला एवढं कळव, वलांडीवर बोंबील चढतात तेव्हा मागच्या पाण्याचा रंग कसा असतो?”

पुढचं पत्र, “तू पाठवलेलं फडकं मिळालं. दोन दिवस नुसतं खिडकीत टांगून ठेवलं. आता कळलं पाणी कसं असतं ते. आज सबंध दिवस रंगवत होते, भात करपला.”

“कसलं फडकं?” मी विचारलं.

हिराबाय हसायलाच लागली. “अगं, तवा ही सून म्हायेरी गेलेली. तिचं पत्र वाचलंच नव्हता कोनी. मना काय ठाव तिनं पान्याचा रंग इचारलाय! आमच्या घरान होडी रंगवली का बुरूस पुसलेलं फडकं सासरी गेलेल्या पोरींना धाडतो. म्हंजे त्यांना कलतं, होडी तयार हाय, मानसा आता दर्यान चालली. ते तिलापन धाडला.”

मी पुन्हा विचारलं, “म्हणजे तो हिरवा…”

“होडीचा! बोईसरच्या दुकानातला डबा. सून परत आली तवा तसा कलवला तिला.”

प्रतिभाने पुढचं पत्र उलगडलं होतंच. “होडीचा रंग होय? मी समुद्र समजून बसले आणि लोक वाहवा करतायत. सांगितलंस तरी कोणाचा विश्वास बसणार नाही. आता बदलत नाही. मला पाण्याचा रंग हवा होता, तू घरची खुशाली पाठवलीस, तीच लागली कामाला.”

माझी इतक्या वर्षांची व्हिरिडियनची भांडी डोळ्यांपुढून गेली. हसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ते फडकं लेकींना जातं. रंगाचा हेवा मी पचवला असता. हा पचेना.

आणि मग प्रतिभाने ते पत्र वाचलं. “नाशिकची मैत्रीण फोन करते. ती माझ्याहून सरस काढते, पण काढताना कोणीतरी बघतंय असं तिला सारखं वाटतं, आणि तिच्याशी बोलले की मलाही तसंच वाटायला लागतं. तुला चित्रातलं काही कळत नाही, हिराबाय, म्हणून तुला सगळं लिहिता येतं.”

प्रतिभाने वर पाहिलं. “म्हंजे तुमीच का त्या?”

“नाही,” मी म्हटलं. “दुसरी कोणी असेल.”

हिराबायने डबा बंद केला. तिने जेवायला वाढलं, ताज्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. इतकं चांगलं कालवण मी कधी खाल्लं नव्हतं आणि तेही वसूने पोटभर खाल्लेलं असणार, हे घासाघासाला आठवत होतं. निघताना ती म्हणाली, “पत्ता लिवून दे तुजा. आनि लिव काय तरी. वाचाया सून हाय.”

परतताना बोईसरला हार्डवेअरच्या दुकानात तो रंग मागितला. दुकानदाराने विचारलं, “दरवाजे के लिए, मैडम?” मी हो म्हटलं. घरी येऊन कॅनव्हासवर लावला. हुबेहूब तोच हिरवा, आणि माझं चित्र दरवाजासारखंच दिसलं.

लेख दिला. शीर्षकातलं ‘सर्वांत जवळच्या’ खोडून टाकलं, आयोजकांनी दोनदा विचारलं तरी. मग हिराबायला पत्र लिहायला बसले. पहिल्यात मला मिळालेल्या एका पुरस्काराबद्दल लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यात गुडघा दुखतो, वर्गातली मुलं ऐकत नाहीत, आणि त्या दिवशी मी खोटं बोलले, ती नाशिकची मीच, असं लिहिलं आणि वाचून न पाहता पेटीत टाकलं. तिकडे शेजारच्या दोघी ऐकत असतील हे माहीत असूनही. त्यानंतर लिहीत राहिले. उत्तर येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात, श्रावणात, टपालाने पुडकं आलं. आत चिठ्ठी नव्हती. एक फडकं होतं, केशरी रंगात माखलेलं, थोडा जवळ्याचा वास येणारं. यंदा होडी केशरी आहे.

मी ते खिडकीत टांगलंय. त्यावरून चित्र काढलेलं नाही. वर्गातल्या मुलांनी विचारलं तरी सांगितलं नाही, आणि तुम्हालाही गावाचं नाव सांगणार नाही. तारापूरपर्यंत जा, समुद्र पाहा, बोंबील खा. हिराबायचं घर शोधू नका. तिथून येणारं फडकं आता माझ्याकडे येतं.