नेट – बेड – आठ

“साहेबांना वजनाची धास्ती. विमानात किलो वाढायला नकोत म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने मच्छरदाण्या यादीतून काढल्या, आणि आमचा मारुती गेला.”

हे वाक्य आमच्या कंपनीचे निवृत्त स्टोअरकीपर बसगौडा यांचे आहे. निपाणीत झालेल्या जुन्या कामगारांच्या मेळाव्यात त्यांनी ते माईकवरून उच्चारले. त्यातले ‘साहेब’ म्हणजे मी. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. मला बोलायला बोलावले नाही. म्हणून लिहितो आहे.

आमची बेळगावची कंपनी साखर कारखान्यांची यंत्रे बनवत असे. ती जागेवर नेऊन बसवायची आणि चालू करून द्यायची, या कामाला इरेक्शन म्हणतात. मी इरेक्शनचा प्रमुख होतो. युगांडातील एका कारखान्याचे काम आले तेव्हा आम्ही आठजण निघालो. मारुती हा त्यातला सर्वांत जुना फिटर, सदलग्याचा.

सामानाची यादी मी केली. परदेश म्हणजे थंडी, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. मारुतीने बायकोने विणलेला स्वेटर स्टोअरमध्ये आणून दिला होता. मी त्याला समजावले, की तो विषुववृत्ताचा प्रदेश आहे. तिथे सैल सुती कपडे लागतात, पूर्ण बाह्यांचे आणि फिक्या रंगाचे, कारण गडद रंगावर डास जास्त बसतात. मिठासाखरेच्या पाण्याची पाकिटे लागतात. हिवतापाच्या गोळ्या लागतात, पण गोळी डास हाकलत नाही. त्यासाठी खाटेवर जाळी लागते.

“आणि स्वेटर?”

“स्वेटर बेड.”

इथे थोडे थांबून सांगावे लागेल. कानडीत ‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘बेड’ म्हणजे नको. आमच्या ऑफिसात मराठी माणूसही सर्रास तेच म्हणत असे आणि तेच लिहीत असे. वजन कमी करा, असा वरून निरोप आल्यावर मी यादीत तीन वस्तूंपुढे ‘बेड’ लिहिले. स्वेटर, प्रेशर कुकर आणि लोणच्याची बरणी.

त्याच यादीत नेटच्या दोन ओळी होत्या. उंचावर काम करताना खाली बांधायची जाळी, ती ‘नेट – सेफ्टी – २’. आणि खाटेवर लावायची, ती ‘नेट – बेड – ८’. पहिले तीन ‘बेड’ कानडी होते. चौथा इंग्रजी होता. देवनागरीत चारही सारखेच दिसतात.

साइटवर पेट्या फोडल्या. सेफ्टी नेट निघाली. मच्छरदाण्या निघाल्या नाहीत. मी बेळगावला फोन लावला.

“बसगौडा, नेट कुठे आहेत?”

“सेफ्टीचे दोन घातलोय की सर.”

“खाटेवरचे आठ?”

“ते तुम्हीच नको म्हणून लिवलंय. यादी माझ्यासमोर हाय. कुकर बेड. स्वेटर बेड. नेट बेड. मी काय चुकलो?”

“नको, तर पुढे आठ कशाला लिहीन?”

“कुकरपुढं पन एक लिवलंय सर. तेबी बेडच की.”

या उत्तरात तथ्य होते, हे मी तेव्हाही मान्य केले. त्यांनी मुद्दाम केले असे मी कधीही म्हटलेले नाही. एकदा विचारले असते तर बरे झाले असते, इतकेच म्हटले.

जवळच्या बाजारात दोन मच्छरदाण्या मिळाल्या. आठजणांत चिठ्ठ्या टाकल्या. मला लागली नाही, मारुतीलाही नाही. राजधानीहून बाकीच्या यायला दहा दिवस गेले. त्या आल्या त्याच आठवड्यात मारुती दुपारच्या उन्हात कुडकुडत मिलच्या पायऱ्यांवर बसलेला मला दिसला.

“काय झालं रं?”

“थंडी वाजतीया सायेब. स्वेटर बेड म्हणालासा न्हवं? आता बघा.”

तो हसत होता. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. कारखान्याच्या दवाखान्यात हिवताप निघाला. औषधे सुरू झाली, पण ताप मेंदूत गेला. मोठे इस्पितळ दिवसभराच्या अंतरावर होते. मी गाडीत त्याच्या शेजारी बसलो होतो. आम्ही पोचलो, तो पोचला नाही.

मेळाव्यानंतर मी सदलग्याला गेलो. मारुतीच्या पत्नीने इतकी वर्षे मला घरी आल्यावर चहा दिला होता. या वेळी ती दारातच उभी राहिली.

“जाळ्या तुमीच काढलासा म्हणं, अण्णा. वजन व्हतंय म्हणून.”

“कोण म्हणालं?”

“माईकवर म्हणाले न्हवं? आमचा भाऊ आलता तितं.”

आठ मच्छरदाण्यांचे वजन किती, हे मी तिला सांगू लागलो. ती ऐकत नव्हती. मी परत आलो आणि जुन्या कागदांतून त्या यादीची झेरॉक्स काढली.

माझी चूक मी झाकत नाही. उष्ण देशात जाणाऱ्याने यादीत ‘मच्छरदाणी’ हा शब्द पूर्ण लिहावा. तो लांब आहे, पण कुठल्याही ऑफिसात त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. मी आखूड शब्द लिहिला, हा आरोप मला मान्य आहे. मी मच्छरदाण्या काढल्या, हा मान्य नाही. ही झेरॉक्स मी आता सदलग्याला पाठवणार आहे. तिच्यातली एक ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहे.

ती नेटच्या लगेच खाली आहे, माझ्याच अक्षरात: ‘हुक – भिंतीचे – ३२’. आठ खाटा, प्रत्येकीला चार कोपरे. हे हुक बसगौडांनी न विचारता पॅक केले, आणि साइटवर पेटी फोडली तेव्हा ते बत्तीसच्या बत्तीस निघाले.