कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले दादा

कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर निळ्या प्लास्टिकखाली टाइपरायटर घेऊन बसणारे बंगाली दादा मला बौदी म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं वहिनी. भाजीला जाताना रोज दिसतात. दोनच बोटांनी टाइप करतात आणि प्रत्येक ओळीनंतर "तारपोर?" म्हणजे "पुढे?" असं विचारतात.

आमच्या यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, सोनं गाळायच्या दुकानासाठी काढलेल्या कर्जाला मी जामीन राहिले होते. हप्ते थकले आणि माझ्या नावानं समन्स आलं. ते घेतलंच नाही तर खटला होणार नाही असं वाटून मी पोस्टमनला परत पाठवलं. मग कोर्टाच्या बेलिफानं ते दारावरच चिकटवलं. ते सोलून काढलं आणि उत्तर टाइप करून घ्यायला दादांकडे नेलं.

"बौदी, पोस्टमनला घालवलं म्हणून कोर्ट गावाला जातं का?" दादा हसले.

यांनी घरी पढवलं होतं तसं मी म्हणाले, "लिहा, जामिनावरची सही माझी नाही."

दादांनी बोटं उचलली आणि चष्म्यावरून पाहिलं. "मग कुणाची?"

"माझीच."

"तारपोर?"

मग मी सगळं खरं सांगितलं. यांचा हात भाजला, दुकान बंद पडलं, थोडं थोडं करून फेडीन. परक्या माणसाशी एवढं मी कधीच बोलले नव्हते.

तारखेला न्यायाधीशांनी सहीबद्दल विचारलं. माझीच आहे, असं मी म्हणाले. हप्ते बांधून मिळाले.

मी बाहेर आले. दादांनी आपलं स्टूल मला बसायला दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद उभ्यानंच टाइप करायला घेतला.