चिमी खुर्ची सोडून पळाली तेव्हा

आमच्या ताईच्या चिमीबद्दल, म्हणजे माझ्या सख्ख्या भाचीबद्दल, एके काळी कुजबुज होती की विमान संकटात सापडलं आणि ही बया खुर्ची सोडून पळाली. शेजारच्या काकूंनी तर चपला हातात घेतल्याचीही भर घातली. बिनफोडणीची बातमी काकूंनी आजवर कुणाला वाढलेली नाही.

चिमी विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक आहे. लोकांना वाटतं, पोरगी उंच मनोऱ्यात काचेआड राणीसारखी बसते. कसली काच नि कसलं काय! तिची खोली तळमजल्यावर. खिडकी औषधाला नाही, सदा अंधार, समोर काळा पडदा आणि त्यावर सरकणारे ठिपके. दिवसभर विमानं हाकते, पण विमान दिसत एकही नाही. धावपट्टीच्या जवळ आलं की ती ते मनोऱ्यातल्यांच्या हवाली करते. पुढे त्याचं काय झालं, ते त्यांनाच ठाऊक.

त्या दुपारी नुकत्याच उडालेल्या विमानाचा पायलट म्हणाला, एक इंजिन बंद करावं लागलंय, परत येतोय. चिमीने बाकीच्या विमानांना कुणाला वळवून, कुणाला वर चढवून वाट मोकळी केली. मनोऱ्याला सांगून बंब तयार ठेवले. मग शिरस्त्याप्रमाणे विचारलं, आत माणसं किती, इंधन किती?

"थांबा," पायलट म्हणाला.

अशा वेळी पायलटला छेडायचं नसतं, म्हणून ती गप्प बसली. पण ते थांबणं काही संपेना. आपण नको तेव्हा तोंड उघडलं की काय, अशी तिला शंका खाऊ लागली. शेवटी आकडे आले, ठिपका धावपट्टीच्या रेषेत आला आणि तिने विमान मनोऱ्याकडे सोपवलं. तेवढ्यात साहेबांचा हात खांद्यावर पडला.

"ऊठ."

"का, सर?"

"ऊठ म्हटलं ना. ही बसेल."

दुसरी नियंत्रक हेडफोन लावून उभीच होती. चिमी उठली, साहेब फोनला चिकटले. विमान उतरलं का, असं तिने विचारलं, तर त्यांनी नुसता हात हलवला. त्याचा अर्थ "ठीक आहे" होता की "टळ इथून", हे तिला आजही सांगता येत नाही. आपलं चुकलं? नोकरी गेली? ती माणसं कुठे आहेत? डोक्यात नुसता गोंधळ. ती जी सुटली, ती आवाराच्या कुंपणापाशीच थांबली.

"मॅडम, आग लागली का?" पहारेकऱ्याने विचारलं.

"विमान उतरलं का?"

"कुठलं? इथे सकाळपासून तेच चाललंय."

पलीकडे तीन विमानं उभी. पडद्यावरचा ठिपका तिने झोपेतही ओळखला असता, पण आपल्या विमानाचा रंग कोणता, शेपूट कसं, हे तिला कोण सांगणार? ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, मांडवात आपलाच नवरा ओळखू येऊ नये तशी.

मागून साहेब धापा टाकत आले. "अगं, सुटलीस कुठे?"

"माझं काय चुकलं?"

"कोण म्हणालं चुकलं?"

"मग उठवलंत का?"

"असं विमान सांभाळलं की माणसाला उठवतातच. डोकं ताळ्यावर यायला नको? परीक्षेत तूच लिहिलं होतंस."

"ते दुसऱ्यांबद्दल लिहिलं होतं."

साहेबांनी बोट दाखवलं. "ते पांढरं तुझं. बघ, माणसं उतरताहेत."

पहारेकऱ्याने घरी जाऊन फक्त पळण्याचं सांगितलं. त्याच्या बायकोची आणि काकूंची ऊठबस आहे, तेव्हा पुढचं सांगायला नको.

चिमी धावली, हे खरं. तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी नियंत्रक बसली होती आणि विमान मनोऱ्याच्या ताब्यात होतं. ते नीट उतरलं का, हे बघायला ती धावली.