आत्यांचा दडबा

माणसं घराबाहेर पडताना पायाखाली बघतात, आमच्या आत्या आधी वर बघायच्या. दार अर्धं उघडायचं, मान बाहेर काढायची, समोरच्या गच्चीवर, विजेच्या तारांवर, आंब्याच्या फांद्यांवर नजर फिरवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला गेले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांची मान आखडलीय. पुढे कळलं की त्यांचं सगळं आयुष्य बनारसच्या दूधविनायकाच्या गल्लीत गेलं होतं, आणि तिथे जे काही संकट येतं ते वरून, शेपटीसकट येतं.

माकडांनी आत्यांचा चष्मा नेला होता, पुरणपोळ्यांचं ताट नेलं होतं, आणि एकदा तर सातवीच्या मुलींचे गणिताचे पेपर नेऊन बालाजी घाटावर उधळले होते. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. "सगळ्यांना पास करावं लागलं गं!" हे सांगताना निवृत्तीला इतकी वर्षं होऊनही त्यांचा आवाज चढायचा. लग्न त्यांनी केलं नाही. भावाने शहराच्या कडेला शिवपूरला बांधलेलं घर त्याच्यामागे त्यांच्याकडे आलं, म्हणून गल्ली सोडून त्या इकडे आल्या. शिवपूरला माकडं औषधालाही नव्हती. पण आत्या वर बघायच्या त्या बघायच्याच.

माझी बँकेतून बदली झाली होती. नवरा कोल्हापुरात, मी बनारसमध्ये. दिवसभर शाखेत माणसांची झुंबड, आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की घर खायला उठायचं. टीव्ही लावून पाहिला, कुंड्या आणून पाहिल्या. कुंड्या काही बोलत नाहीत. अशात आमच्या शाखेतल्या शिपायाने त्याच्या गावाहून तीन तलंगा आणून देऊ का, म्हणून विचारलं. नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, आता अंड्यावर येतील, म्हणाला. माझ्या सात पिढ्यांत कुणी कोंबडी पाळली नव्हती. तरी मी हो म्हणून बसले, आणि मग आठवलं की आत्यांना विचारायचंय.

आत्या म्हणजे कडकडीत सोवळं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात मी चप्पल घालून उभी राहिले तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी धीर करून विचारलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मजाक करतेस का, वृंदा?"

"नाही हो आत्या. मला करमत नाही इथे."

हे मी ठरवून बोलले नव्हते, तोंडातून निघून गेलं. आत्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ठीक आहे. मागच्या परसात ठेव. ते तुझं सामान माझ्या चौक्यात यायचं नाही." चौका म्हणजे स्वयंपाकघर आणि सामान म्हणजे अंडी. अंड्याला त्यांनी शेवटपर्यंत अंडं म्हटलं नाही. "आणि एक. माझ्या घरात जीव जायला नाही पाहिजे. एक जरी गेला, तर उरलेल्या त्याच दिवशी बाहेर. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पहिलं खुराडं मी फोनवर चित्र बघून मागवलं. काय सुंदर चित्र होतं! गुलाबी छप्पर, पांढरी खिडकी, दारात हिरवळ. खोक्यातून पातळ फळ्या आणि स्क्रूची पुडी निघाली. जोडून उभं केलं तर माझ्या गुडघ्याला लागेना. आत्या पदर खोचून आल्या, चारही बाजूंनी फिरल्या आणि म्हणाल्या, "यात कोंबडी राहणार, की कोंबडीचा फोटो?" मग आत हात घालून त्यांनी एक फळी नुसती दाबली. ती सुटून त्यांच्या हातात आली. "वापस कर. दडबा आपण बनवू."

त्या "आपण"वर मी इतकी खूश झाले की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलंच नाही. आत्यांनी त्यांचा गल्लीतला मिस्त्री बोलावला. कोंबडी कशी राहते, काय खाते, यातलं आत्यांना अक्षर ठाऊक नव्हतं, मला त्याहून कमी. पण बंदोबस्त कसा करतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गल्लीतल्या घरांत चौकावर लोखंडी गजांची जाळी असते, माणसं आत पिंजऱ्यात आणि माकडं वर मोकळी. आत्यांनी तेच डोळ्यांसमोर ठेवलं. छपराला दुहेरी जाळी, जाळीवर पत्रा, पत्र्यावर विटा. दाराला वर कडी, मध्ये कोयंडा, खाली खिट्टी, कारण म्हणे एक कडी माकड उघडतं आणि दुसरीवर विचार करतं. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "माताजी, मुर्गी रखनी है कि डाकू?"

"तू काम कर," आत्या मराठीत म्हणाल्या. रागावल्या की त्या सगळ्यांशी मराठीतच बोलायच्या आणि बनारसमध्ये सगळ्यांना ते कळायचं.

कोंबड्या आल्या. तांबडी, काळी आणि ठिपक्याठिपक्यांची कवडी. ही नावं नव्हतीच, रंग होते. नाव ठेवायला आत्यांची मनाई होती. "नाव ठेवलं की माया लागते. फालतू झंझट." त्या स्वतः त्यांना "तुझ्या त्या" म्हणायच्या. "वृंदा, तुझ्या त्यांनी पाणी सांडलंय." "तुझ्या त्या आज सुस्त आहेत, काय घातलंस खायला?" मी शाखेत असताना त्यांचे फोन यायचे. समोर कर्जदार बसलेला, आणि मी फोनमध्ये हळूच विचारतेय, शी कशी झाली होती.

सुधारणा मात्र सगळ्या आत्यांच्या. कोंबड्या रात्री अंडी घालायच्या खोक्यातच झोपायच्या आणि सकाळी सामान घाणीने माखलेलं असायचं. मी दहा ठिकाणी वाचलं. आत्यांनी परसात पाटावर बसून दोन संध्याकाळी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना उंच बसायचंय गं. तू दांडी खाली लावलीस आणि खोकं वर." उंच दांडी आणायची कुठून? तर आत जाऊन त्यांनी सोवळं वाळत घालायची बांबूची दांडी आणून माझ्या हातात दिली. "माझे हात आता तेवढे वर जात नाहीत," एवढंच बोलल्या. आत्यांचं सोवळं दोरीवर गेलं आणि कोंबड्या दांडीवर चढल्या.

हिवाळ्यात धुकं पडलं तेव्हा मी खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाटं शिवली. थंडी लागू नये म्हणून. दोन-तीन दिवसांत आत असा वास कोंडला की माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. आत्या देवापुढची जळती उदबत्ती घेऊन आल्या आणि त्यांनी ती खुराड्यात खोचली. धूर वर गेला आणि तिथेच घुटमळत राहिला. "बघ. धूर बाहेर जात नाही, मग वास कसा जाणार?" लगेच मिस्त्री, लगेच छपराखाली जाळीची लांब फट. थंड वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून निघून जायचा, अंगाला लागत नव्हता. जाता जाता मिस्त्री माझ्या कानात म्हणाला, "माताजी ने पहली बार मुर्गी को अगरबत्ती दिखाई है."

असं सगळं छान चाललेलं. मला घर खायला उठत नव्हतं. संध्याकाळी कडी, कोयंडा, खिट्टी उघडून आत शिरलं की तिघी पायांत घोटाळायच्या, आणि मागून आत्यांचा आवाज यायचा, "हात धू आधी!" मी त्या अटीचं भय जवळजवळ विसरले होते.

पावसाळ्याच्या शेवटी, जमीन मऊ झालेली असताना, एका सकाळी मी खुराडं उघडलं तर आत पिसंच पिसं. कवडी नव्हती. काळी दांडीच्या टोकाला चिकटून बसलेली आणि तांबडी कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी. आत्यांना सांगायला तर हवंच होतं. त्या नुकत्या न्हाऊन, सोवळ्याची रेशमी साडी नेसून देवांचं ताम्हन पुढे ओढत होत्या. "आत्या, कवडी गेली," मी दारातूनच म्हणाले.

त्या अनवाणी परसात आल्या. आधी त्यांनी छप्पर बघितलं. वीटही हलली नव्हती. दार बघितलं. खाली बघायला त्यांना वेळ लागला. भिंतीलगत मातीत एक भोक होतं, माझे दोन्ही हात जातील एवढं. मुंगसाने बाहेरून उकरून सरळ आत वाट काढली होती. आम्ही जमिनीला काहीच लावलं नव्हतं. नुसती माती होती.

"नेवला," आत्या म्हणाल्या. "खालून आला." मग त्या भोकाशी वाकून, "ही चूक माझी गं. जन्मभर वर बघत राहिले. खालीही बघायचं असतं हे ध्यानातच आलं नाही."

मी रडत होते. म्हटलं, "तुमची अट आहे, आत्या. या दोघींना मी आजच शिपायाबरोबर गावी पाठवते."

त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्या वाकून आत शिरल्या. आजवर कोंबडीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. त्यांनी तांबडीला उचललं आणि त्या रेशमी साडीवर छातीशी धरलं. "ही कापतेय," म्हणाल्या. "केवढी कापतेय बघ." मग माझ्यावर खेकसल्या, "उभी काय राहिलीस? अट मी घातली, मी बघेन तिचं काय करायचं ते. मिस्त्रीला फोन लाव!" देवांना त्या दिवशी आंघोळ दुपारी मिळाली.

बारीक चौकोनांची जाळी आणून आम्ही जमिनीखाली गाडली आणि बाहेरच्या बाजूनेही हातभर पसरून वर माती-विटा टाकल्या. आता आत्या दारातून बाहेर पडताना आधी वर बघायच्या, मग खाली बघायच्या, आणि समोरून कोण आलंय ते त्यांना दिसायचंच नाही. दूधवाला दोनदा धडकला.

त्यानंतर तांबडी खुडूक झाली. अंड्यांवरून उठेना. आत्या रोज खुराड्यापाशी जाऊन "काय गं, अजून किती दिवस?" असं तिला विचारायच्या. शेवटी मलाच राहवेना. एवढ्या मोठ्या, अविवाहित, सोवळ्यातल्या बाईंना हे सांगायचं कसं? मी म्हटलं, "आत्या, पिल्लं नाही व्हायची. आपल्याकडे कोंबडा नाही ना." आत्या लालबुंद झाल्या. "मग आधी नाही सांगायचं? मी बिचारीला रोज आशा लावतेय!"

आणि मग माझी कोल्हापूरची बदली आली. ज्या बदलीसाठी मी अर्ज करकरून थकले होते, ती. मी आनंदाने सांगितलं, आणि आत्या "चांगलं झालं," म्हणून आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कोंबड्यांना शिपायाच्या गावी पाठवायचं मी ठरवलं होतं. आत्यांचं वय, रोजची साफसफाई, त्यांना कसं झेपणार? हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "तू तुझं सामान बांध. परसातलं काही बांधू नकोस."

निघायच्या दिवशी गाडी दाराशी आली. देवासमोर पेढा ठेवलेला होता, माझ्यासाठी दशमीची पुरचुंडी बांधलेली होती, पण आत्या कुठे दिसेनात. परसात गेले. आत्या माझ्याकडे पाठ करून पाटावर बसल्या होत्या आणि तांबडी त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पसरली होती.

"आत्या, निघते मी. येते."

त्यांनी वळून पाहिलं नाही. "मी उठले तर ही दचकेल," म्हणाल्या. "ये हो."

मी तशीच मागून वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही न वळता, चाचपडत, आणि पुन्हा तांबडीच्या पाठीवर नेला. मी दाराशी पोचले तरी मागून त्यांचा आवाज येत होता. त्या कोंबडीला समजावत होत्या, "बस, बस. गेली नाही गं ती. बदली झालीय नुसती."