बाजारादिवशी न घातलेली वेणी

गोदाआत्या बाजाराच्या दिवशी माझी वेणी घालत नसे. एरवी रोज सकाळी अंगणात मला गुडघ्यात दाबून ती केस विंचरायची; शिवेपलीकडच्या गोरेगावच्या बाजाराला मात्र तशीच झिंज्या सुटलेली न्यायची. बायका कुजबुजत, "आईविना पोर, दुसरं काय!" आत्या फणी कनवटीला खोचून पुढं चालू लागे.

माझी आई चांगली जिवंत होती. आईवडिलांचं पटेना म्हणून पंचांनी काडी मोडून दोघांना मोकळं केलं. लेकरू बापाचं, आणि सोडलेल्या बाईनं गावची शीव ओलांडायची नाही, असं ठरलं. वडिलांनी पुढच्याच उन्हाळ्यात दुसरी बायको आणली. त्यांना कुठलीच शीव नव्हती. त्या पंचांचा मला आजही संताप येतो. पारावर तंबाखू मळता मळता त्यांनी माझी आई काढून घेतली, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

बोलली ती एकटी आत्या. वडिलांची ही थोरली विधवा बहीण आमच्याकडेच राहायची. "काडी नवरा-बायकोत मोडली. लेकराचं काहून तोडता?" पंच हसले. तेव्हापासून आमचा बाजार सुरू झाला. बांगड्यांच्या पालाआड आई वाट पाहत बसलेली असे. आत्या तिच्या हाती फणी द्यायची. "घाल बाई वेणी. तुझ्यासाठीच ठेवली हाय." आई इतकी सावकाश विंचरायची, की तोवर बाजार उठू लागे.

एकदा ती सुबक वेणी वडिलांच्या डोळ्यांत भरली. ही आपल्या बहिणीच्या हातची नव्हे, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी मेंढरं कातरायची कातर घेतली आणि माझे केस मुळापासून उतरवले. बाप असं करतो? मी रडले नाही. पण त्या दिवसापासून ते मला परके झाले. पुढच्या बाजाराला आत्यानं माझ्या बोडक्या डोक्यावर फडकं बांधलं. "केस न्हाईत तर न्हाईत. डोकं हाय ना? तेल घालंल तिची माय."

निजामाच्या अंमलातल्या शेवटच्या धामधुमीत माझं लग्न घाईत ठरलं. हळद लागलेली नवरी शीव ओलांडत नाही, हे आत्यालाही मान्य होतं. तिनं माझा हात धरला आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, शिवेच्या दगडापाशी नेलं. मला अलीकडे बसवलं. पलीकडे आत्यानं निरोप धाडून बोलावलेली आई बसली.

"कोणीबी शीव वलांडली न्हाई. आता बोला!" आत्या गावाला म्हणाली.

आईनं वेणी घालायला घेतली तोच वडील धावत आले. "आक्का, हिनंच पोरगी तोडली माझ्यापासून!"

"हिनं न्हाई, किसना. कातर तुझ्या हातात व्हती."

वडील माघारी फिरले.

लग्नानंतर मी माहेरी जायची ती आत्यासाठीच. ती वारली तेव्हा तिचे पांढरे केस मी शेवटचे विंचरले, फणी कनवटीला खोचली आणि निघाले. वडील ओट्यावर बसले होते.

"आता कवा येशील?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी ओटा उतरून शिवेच्या वाटेला लागले.